विंडोजवरून लिनक्सवर: व्यावसायिक सॉफ्टवेअरचं होस्टिंग हलवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमचं सॉफ्टवेअर बरीच वर्षं विंडोज सर्व्हरवर चाललंय, त्याचे पैसे देणारे ग्राहक आहेत आणि ते दोन दिवससुद्धा बंद ठेवता येत नाही, असं असेल तर ही उत्तरं तुमच्यासाठी आहेत. छंद म्हणून चालवलेल्या साइटला यातलं निम्मं लागणार नाही.

हलवावं की नाही, हे कशावरून ठरवायचं?

फक्त पैसे वाचावेत म्हणून हलवायचं असेल, तर आधी हिशेब कागदावर मांडा. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजलं जातं आणि एका प्रत्यक्ष सर्व्हरमागे किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं. सर्व्हर दोन-तीनच असतील, तर वाचलेली रक्कम कोड दुरुस्त करणाऱ्यांच्या पगारात कधीच संपून जाते. ग्राहकागणिक नवा सर्व्हर उभा राहत असेल, तर मात्र फरक लवकर दिसतो.

दुसरं खरं कारण म्हणजे मुदत. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो. अशी तारीख जवळ आली की नवा सर्व्हर, नवी चाचणी हे सगळं करावंच लागतं. त्याच कामात स्थलांतर बसवता येतं का, हे बघणं शहाणपणाचं आहे.

सॉफ्टवेअर दोन वर्षांत निवृत्त होणार असेल, तर हलवू नका. त्या दोन वर्षांत ग्राहकांना काहीच नवं मिळणार नाही आणि टीम दमून जाईल.

आमचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल का?

ते कशात लिहिलंय यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. जावा, पायथन, नोड, पीएचपी यांत असेल तर भाषेची अडचण नाही. अडचण निघालीच तर ती पुढे सांगितलेल्या बारीकसारीक सवयींतून निघेल.

डॉटनेटवाल्यांनी (मायक्रोसॉफ्टच्या या प्रोग्राम लिहिण्या-चालवण्याच्या व्यवस्थेवर काम करणाऱ्यांनी) इथे नीट थांबून पाहावं. डॉटनेट फ्रेमवर्क, म्हणजे ४.८ पर्यंतची आणि त्यानंतरची ४.८.१ ही जुनी शाखा, फक्त विंडोजची आहे. जून २०१६ मध्ये डॉटनेट कोअर १.० आलं, तेव्हापासून वेगळी शाखा सुरू झाली आणि २०२० च्या डॉटनेट ५ पासून तीच मुख्य झाली. ती लिनक्सवर उत्तम चालते. तेव्हा स्थलांतराचा पहिला टप्पा बहुधा लिनक्स नसतोच. आधी जुन्या फ्रेमवर्कवरून नव्या डॉटनेटवर यायचं, तेही विंडोजवरच राहून. ते स्थिरावलं की मगच सर्व्हर बदलायचा. सम क्रमांकाच्या आवृत्त्यांना ३ वर्षं सपोर्ट मिळतो, त्यामुळे व्यावसायिक कामासाठी त्याच धरा.

वेब फॉर्म्स (स्क्रीन बनवण्याची जुनी पद्धत) नव्या डॉटनेटमध्ये आलेच नाहीत. त्या स्क्रीन पुन्हा लिहाव्या लागतात, आणि स्क्रीन शंभराच्या घरात असतील तर हा प्रकल्प होस्टिंगचा राहत नाही, पुनर्लेखनाचा होतो. मालकांना हे पहिल्याच बैठकीत सांगा. डब्ल्यूसीएफच्या (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलण्याची जुनी डॉटनेट पद्धत) सर्व्हर बाजूसाठी कोअरडब्ल्यूसीएफ नावाचा खुला प्रकल्प आहे. बऱ्याच साध्या सर्व्हिस त्यावर थोड्या बदलांनी उभ्या राहतात.

क्लासिक एएसपी, व्हीबी ६ किंवा कॉम कंपोनंट अशा विंडोजच्या जुन्या तंत्रांवर उभं असलेलं काही असेल, तर ते विंडोजवरच राहू द्या आणि बाकीचं हलवा. दोन सर्व्हर एकमेकांशी एचटीटीपीवरून बोलू शकतात, त्यात कमीपणा काहीच नाही. वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून सर्व्हरवर असं काही चालवण्याचा मोह होतो, पण पहाटे तीनला ते बंद पडलं तर दाद मागायला कुणीच नसतं.

मोनो वापरून जुना कोड जसाच्या तसा चालवता येईल ना?

मोनो म्हणजे जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कची विंडोजबाहेरही चालणारी खुली आवृत्ती. एके काळी हा खरा पर्याय होता. पण मायक्रोसॉफ्टकडे असताना मोनोची शेवटची मोठी आवृत्ती २०१९ मध्ये आली, आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो प्रकल्प वाईन करणाऱ्यांच्या हाती दिला. नवं स्थलांतर त्यावर आज सुरू करू नये.

सुरुवात कुठून करायची?

यादीपासून. कोड उघडण्याआधी चालू सर्व्हरसमोर बसा आणि त्यावर काय काय चाललंय ते लिहून काढा. टास्क शेड्युलरमधली प्रत्येक नोंद, प्रत्येक विंडोज सर्व्हिस, रजिस्ट्रीत कुणी काय लिहून ठेवलंय, कोणता फोल्डर नेटवर्कवर शेअर आहे, डेटाबेसला जोडणारे कोणते ओडीबीसी दुवे आहेत, कोणत्या खात्याने काय चालतं. मला एका सर्व्हरवर दर महिन्याच्या १ तारखेला चालणारी एक बॅच फाइल सापडली होती. ती लिहिणारा माणूस कधीच सोडून गेला होता, आणि ग्राहकांची मासिक विवरणं त्याच फाइलमुळे तयार होत होती. कोडच्या भांडारात तिचा मागमूस नव्हता.

म्हणून यादी करताना किमान एक पूर्ण महिना जाऊ द्या, वर्षअखेरची काही कामं असतील तर तीही आठवून विचारून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची बहुतेक संकटं इथेच टळतात.

विंडोजवर नीट चालणारा कोड लिनक्सवर का अडखळतो?

कारण विंडोज काही गोष्टी चालवून घेतो आणि आपल्याला त्या चालवून घेतल्या जाताहेत हे वर्षानुवर्षं कळत नाही.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठेपणा (स्मॉल-कॅपिटल). विंडोजच्या फाइल-व्यवस्थेला मोठ्या अक्षरातला लोगो आणि लहान अक्षरातला लोगो एकच वाटतो. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली आहेत. त्यामुळे चित्रं गायब होतात, टेम्प्लेट सापडत नाहीत, आणि चूक चाचणीत न दिसता फक्त क्वचित उघडल्या जाणाऱ्या एखाद्या स्क्रीनवर दिसते. मायएसक्यूएल असेल तर टेबलांच्या नावांनाही हेच लागू होतं. तिथे एक सेटिंग आहे, पण मायएसक्यूएल ८ मध्ये ते डेटाबेस पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावं लागतं, नंतर बदलता येत नाही.

मग फाइलींचे रस्ते (पाथ). उलटी तिरकी रेघ आणि सी, डी अशी ड्राइव्हची अक्षरं कोडमध्ये, कॉन्फिगमध्ये आणि सगळ्यात वाईट म्हणजे डेटाबेसमध्ये साठवलेली असतात. जोडलेल्या कागदपत्रांचा पूर्ण पत्ता टेबलात ठेवला असेल, तर ते टेबल आधी दुरुस्त करा: मूळ फोल्डर कॉन्फिगमध्ये, टेबलात फक्त त्यापुढचा भाग. हा बदल विंडोजवर असतानाच करता येतो.

फाइलींची नावं देवनागरीत असतील तर आणखी एक गोष्ट. विंडोजच्या एनटीएफएसवर नाव २५५ युनिटपर्यंत चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक युनिट धरलं जातं. लिनक्सवरची मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलंत हेही स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या लांबलचक नावांच्या फाइली कॉपी करताना मध्येच अडतात त्या यामुळे.

उघडी फाइल हा उलट्या बाजूचा प्रकार. विंडोजवर कुणी वापरत असलेली फाइल सहसा पुसता येत नाही, लिनक्सवर खुशाल पुसली जाते. नाव जातं, पण वापरणारा प्रोग्राम तिला धरून असेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. मोठी लॉग फाइल पुसली तरी डिस्क भरलेलीच दिसते, ती म्हणूनच. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की जागा सुटते. आणि ‘फाइल लॉक आहे म्हणजे दुसरं कुणी काम करतंय’ असा तर्क तुमच्या कोडमध्ये असेल, तर तो शोधून बदला. लिनक्सवरची बहुतेक लॉक पाळणं हे प्रोग्रामच्या मर्जीवर असतं.

टाइम झोनची नावं दोन्हीकडे वेगळी आहेत. डॉटनेट ६ पासून दोन्ही प्रकारची नावं समजतात, मात्र त्यासाठी सर्व्हरवर आयसीयू ही भाषा-प्रदेशांची माहिती देणारी लायब्ररी असावी लागते. सर्व्हरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवा आणि ग्राहकाचा झोन दाखवतानाच लावा. ‘आत्ताची वेळ’ घेणारी प्रत्येक ओळ एकदा डोळ्यांखालून घाला. रात्री बारानंतर चालणारी कामं चुकीच्या तारखेला पडली की हिशेबाच्या नोंदी बिघडतात, आणि त्या नंतर निस्तरणं फार जिवावर येतं.

पीडीएफ आणि चित्रांचं काय?

हा भाग अंदाजपत्रकात कुणी धरत नाही, म्हणून वेगळा लिहितो. डॉटनेटमधली सिस्टम डॉट ड्रॉइंग ही लायब्ररी ७ व्या आवृत्तीपासून विंडोजबाहेर अजिबात चालत नाही. तिच्या जागी स्कियाशार्पसारखी दुसरी चित्रांची लायब्ररी घ्यावी लागते. पर्यायी लायब्ररी घेताना तिचं लायसन्स वाचा. काहींना व्यावसायिक वापरासाठी पैसे मोजावे लागतात. सर्व्हरवर एक्सेल किंवा वर्ड उघडून अहवाल बनवत असाल, तर तो मार्ग लिनक्सवर नाहीच. सर्व्हरवर असं करू नका, असं मायक्रोसॉफ्ट विंडोजसाठीही सांगत आलीय.

मग फॉन्ट. लिनक्स सर्व्हरवर एरियल नसतो, मंगल नसतो. विंडोजमधून ते उचलून आणणं लायसन्समध्ये बसत नाही. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन फॉन्ट बसतात, कारण त्यांच्या अक्षरांची रुंदी तीच ठेवलेली आहे. देवनागरीसाठी नोटो चांगला. पण फॉन्ट असून भागत नाही. जोडाक्षरं नीट जुळवण्यासाठी पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला हार्फबझसारख्या शेपिंगचा (अक्षरं जोडून योग्य रूप देणाऱ्या साधनाचा) आधार हवा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. जुन्या सर्व्हरवरचे पन्नास खरे अहवाल आणि नव्यावरचे तेच पन्नास शेजारी ठेवून माणसाने पाहावेत. इथे आपोआप चालणाऱ्या चाचण्यांवर मी विसंबत नाही.

त्याच झटक्यात डेटाबेसही बदलावा का?

नको. या पानावरचं एकच उत्तर पाळणार असाल तर हे पाळा. ऑपरेटिंग सिस्टम बदला किंवा डेटाबेस बदला, दोन्ही एकदम बदलू नका. दोन्ही बदलले आणि आकडे चुकले, तर चूक कुठे आहे हे शोधण्यातच दिवस जातात, आणि तोवर ग्राहक फोन करत असतात.

एसक्यूएल सर्व्हर २०१७ च्या आवृत्तीपासून लिनक्सवर चालतो. विंडोजवर घेतलेला बॅकअप लिनक्सवर तसाच रिस्टोअर होतो, फक्त फाइलींचे नवे पत्ते द्यावे लागतात. एसक्यूएल सर्व्हर एजंटची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामंही बरीचशी चालतात. रिपोर्टिंग सर्व्हिसेस, अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस आणि फाइलस्ट्रीम मात्र लिनक्सवर नाहीत. त्यातलं काही वापरत असाल तर डेटाबेस विंडोजवरच राहू द्या आणि फक्त अ‍ॅप्लिकेशन हलवा. डेटाबेसमध्ये विंडोजच्या खात्याने लॉगिन होत असेल, तर कर्बेरॉसची कीटॅब (त्या खात्याची ओळख पटवणारी किल्ल्यांची फाइल) लावावी लागेल किंवा साधं नाव-पासवर्डचं लॉगिन करावं लागेल.

पुढे कधी पोस्टग्रेएसक्यूएल या खुल्या डेटाबेसकडे जायचं झालं, तर पहिला धक्का शोधात बसेल. एसक्यूएल सर्व्हर सहसा लहान-मोठी अक्षरं सारखी धरतो, पोस्टग्रे धरत नाही. ग्राहकाचं नाव लहान अक्षरात टाइप करणाऱ्याला अचानक काहीच सापडेनासं होतं. स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्राम) हाताने लिहाव्या लागतात. ही संख्या मोजा, कारण खर्चाचा खरा आकडा तीच सांगते.

एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर नेला तर त्याचं लायसन्स स्वस्त पडतं का?

नाही. तेच लायसन्स, तीच किंमत. वाचतं ते फक्त विंडोजचं.

आयआयएस, विंडोज सर्व्हिस आणि टास्क शेड्युलरच्या जागी काय?

आयआयएसच्या (विंडोजच्या वेब सर्व्हरच्या) जागी पुढे एनजिनएक्स किंवा अपाची, मागे तुमचं अ‍ॅप्लिकेशन. वेब डॉट कॉन्फिग या आयआयएसच्या सेटिंग फाइलमधले पत्ता वळवण्याचे नियम तिथे चालत नाहीत. ते एकेक करून पुन्हा लिहायचे आणि प्रत्येक जुन्या पत्त्यावर जाऊन तपासायचे. विंडोजच्या पीएफएक्स स्वरूपातलं साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ओपनएसएसएलने लिनक्सवर चालणाऱ्या पेम स्वरूपात बदलता येतं.

विंडोज सर्व्हिसच्या (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामच्या) जागी सिस्टमडी. ते प्रोग्राम सुरू करतं, पडला तर पुन्हा उठवतं आणि त्याचं बोलणं जर्नलमध्ये नोंदवतं. थांबवताना ते आधी सभ्यपणे सांगतं आणि सहसा ९० सेकंदांत प्रोग्राम थांबला नाही तर मारून टाकतं. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) तर १० सेकंदच देतं. अर्धवट राहिलेला व्यवहार त्या वेळात पूर्ण होतो का, हे मुद्दाम करून पाहा. वेळापत्रकाची कामं क्रॉनवर (लिनक्सचं टास्क शेड्युलर) किंवा सिस्टमडी टायमरवर जातात. क्रॉनमध्ये नेहमी अडतं ते असं की तिथे तुमच्या लॉगिनचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला मिळणारी सेटिंग) नसतात. हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री चालत नाही ती बहुतेक वेळा यामुळे.

डॉटनेटवाल्यांसाठी आणखी एक. गुपितं कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं डीपीएपीआय लिनक्सवर नाही. त्याने झाकलेले पासवर्ड किंवा गुपितं जुन्या सर्व्हरवरच उलगडून घ्या, नंतर ती वाचता येणार नाहीत. लॉगिनच्या कुकी कुलूपबंद करणाऱ्या डेटा प्रोटेक्शनच्या किल्ल्या कायमच्या जागी साठवल्या नाहीत, तर प्रत्येक नव्या डिप्लॉयमेंटला सगळे वापरकर्ते लॉगआउट होतात.

लिनक्सवर ठेवलं म्हणून आमचा कोड खुला करावा लागेल का?

नाही. लिनक्सचं कर्नल (त्याचा गाभा) जीपीएल २ खाली, म्हणजे वितरण करताना कोडही द्यायला लावणाऱ्या खुल्या लायसन्सखाली आहे, पण नेहमीच्या सिस्टम कॉलमधून त्याचा वापर करणारे प्रोग्राम त्या लायसन्सखाली येत नाहीत, असं कर्नलच्या लायसन्सच्या फाइलमध्येच लिहिलेलं आहे. लक्ष ठेवायचं ते तुम्ही आत जोडलेल्या लायब्ररींकडे. एखादी एजीपीएलखाली (नेटवर्कवरच्या सेवेलाही लागू होणारं जीपीएलचं रूप) असेल आणि तुम्ही ती बदलून नेटवर्कवरून सेवा देत असाल, तर जबाबदारी येते. ग्राहकाच्या जागेवर बसवायला पूर्ण इमेज देत असाल, तर तेही वितरण ठरतं. अशा वेळी लायब्ररींची यादी घेऊन वकिलाकडे जा.

कोणता लिनक्स निवडायचा?

जो पाच वर्षं बिनबोभाट चालेल तो. उबुंटूची एलटीएस (दीर्घ सपोर्टची) आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला ५ वर्षं नेहमीचा सपोर्ट असतो. डेबियनही तितकंच टिकतं. रेड हॅट घेतलं तर १० वर्षं मिळतात, पैसे भरावे लागतात, आणि त्याबदल्यात फोन उचलणारं कुणीतरी असतं. मोठ्या ग्राहकांच्या करारात हीच अट कधी कधी लिहिलेली असते.

सेंटओएसवर (रेड हॅटची मोफत आवृत्ती) विसंबलेल्यांना डिसेंबर २०२० मध्ये कळलं की ८ वी आवृत्ती २०२१ च्या अखेरीस बंद होणार. तिच्यासाठी २०२९ पर्यंतचा हिशेब धरलेला होता. त्यातून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले आणि ते चांगले आहेत. पण कुठलंही घेतलंत तरी सर्व्हर कसा उभा केला ते स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा, म्हणजे उद्या दुसरीकडे जाणं एका दिवसाचं काम राहील.

टीममध्ये कुणालाच लिनक्स येत नाही. मग?

मग आधी तीन महिने द्या. विकसकांना डब्ल्यूएसएल २ वर (विंडोजमध्येच चालणारं लिनक्स) रोजचं काम करू द्या, म्हणजे अक्षरांच्या आणि रस्त्यांच्या चुका त्यांनाच पहिल्यांदा दिसतील. त्यात प्रकल्प लिनक्सच्या बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवला तर त्या चुका पुन्हा झाकल्या जातात आणि कामही संथ होतं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मुद्दाम बिघडवलेली यंत्रं द्या: डिस्क भरलेली, परवानग्या चुकलेल्या, मेमरी संपून कर्नलने मारून टाकलेला प्रोग्राम. वर्षानुवर्षं विंडोज सांभाळलेला माणूस काळ्या पडद्यासमोर बसला की अवघडतो. त्याला वेळ द्या आणि त्याचं ज्ञान वाया गेलेलं नाही हे त्याला जाणवू द्या. नेटवर्क, बॅकअप, ग्राहकाच्या सवयी हे सगळं त्याच्याकडेच आहे.

लिनक्स म्हणजे सुरक्षित, हे खरं ना?

नीट ठेवलं तर. एसएसएचला (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याची सोय) पासवर्ड बंद करून किल्ली वापरा, सुरक्षेचे अपडेट आपोआप बसू द्या, आणि अ‍ॅप्लिकेशन कधीही रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) चालवू नका. परवानगीची चूक आली की फोल्डर सगळ्यांना खुला करून मोकळं व्हायची सवय लावू नका. एसईलिनक्स (परवानग्या आणखी कडक करणारी लिनक्सची व्यवस्था) आडवं आलं तर तेही बंद करू नका. ते कशाला अडवतंय हे लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं.

बदलाच्या दिवशी नेमकं काय करायचं?

दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ५ मिनिटांवर आणा. फाइली आरसिंक या कॉपी करण्याच्या साधनाने आधीच कॉपी करून ठेवा, म्हणजे शेवटच्या फेरीत फक्त बदललेल्या जातील. ठरलेल्या वेळी जुनी बाजू केवळ वाचण्यापुरती ठेवा, शेवटचा बॅकअप घ्या, नव्या बाजूला रिस्टोअर करा, नोंदींची संख्या आणि रकमांच्या बेरजा दोन्हीकडे जुळवा. जुळल्या तरच डीएनएस वळवा. ही सगळी रंगीत तालीम आधी किमान दोनदा, घड्याळ लावून करा.

परत कधी फिरायचं हेही आधी लिहा. ‘अमुक वाजेपर्यंत बिलं निघाली नाहीत तर परत’ असं साधं वाक्य आणि निर्णय घेणाऱ्या एका माणसाचं नाव. नव्या सर्व्हरवर ग्राहकांनी नोंदी करायला सुरुवात केली की मागे जाणं अवघड होतं, कारण त्या नोंदी जुन्या बाजूला न्याव्या लागतात. म्हणून परतीचा निर्णय पहिल्या काही तासांतच घ्यायचा असतो, आणि त्या तासांत सगळ्यांनी जागं असायचं.

जुना सर्व्हर कायमचा कधी काढून टाकायचा?

एक महिनाअखेर नव्या सर्व्हरवर पार पडेपर्यंत तो बंद अवस्थेत, पण जागेवर ठेवा. तिमाही किंवा वर्षअखेरीचे अहवाल असतील तर तेही होऊ द्या. बंद करताना त्याची पूर्ण इमेज काढा, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा, आणि त्यावरच्या टास्क शेड्युलरच्या नोंदी बंद केल्याची खात्री करा. तो कधी चुकून सुरू झाला, तर ग्राहकांना प्रत्येक ईमेल दोनदा जाईल.